कर्ता कोठे आहे?

अग्रलेख वाचताना सुजाण वाचक विशेषणांपासून सावध असतो. 'निर्लज्ज', 'ऐतिहासिक', 'काळाकुट्ट', 'दूरदर्शी' असे शब्द दिसले की लेखक आपल्याला कोणत्या दिशेने नेऊ पाहत आहे, हे त्याच्या ध्यानात येते आणि तो सावरून बसतो. नुसत्या विशेषणांनी मत बदलणारा वाचक आता फारसा उरलेला नाही. मत घडते ते इतरत्र, जेथे आपली नजर सहसा जात नाही अशा जागी. ते क्रियापदाच्या रूपात घडते, सर्वनामात घडते, 'च'सारख्या एकाक्षरी अव्ययात घडते. शाळेत 'प्रयोग ओळखा' या प्रश्नापुरते घोकलेले व्याकरण परीक्षा संपताच आपण विसरतो. वर्तमानपत्रात मत मांडणारा लेखक मात्र ते रोज वापरत असतो, मग त्याला त्याची जाणीव असो वा नसो.

एक साधे उदाहरण घेऊ. एखाद्या शहरात रस्ता रुंद करण्यासाठी जुने वड तोडले. ही एकच घटना किती रीतींनी लिहिता येते, ते पाहावे. 'रस्तारुंदीत झाडे गेली.' 'झाडे तुटली.' 'झाडे तोडली गेली.' 'महापालिकेकडून झाडे तोडण्यात आली.' 'महापालिकेने झाडे तोडली.' पाचही वाक्ये शुद्ध आहेत आणि पाचही खरी आहेत. परंतु पहिल्या वाक्यात झाडे जणू आपल्याच पायांनी निघून गेली आहेत. दुसऱ्यात वादळ झाले असावे असे वाटते. तिसऱ्यात कोणीतरी कुऱ्हाड चालविली एवढे कळते, पण ते कोण हे विचारण्याची सोय नाही. चौथ्यात महापालिका दिसते; तिला 'कडून' आणि 'करण्यात आली' यांच्या आड असे उभे केले आहे की तिच्या हातून काही घडले तरी तिने ते केले असे वाटू नये. पाचव्या वाक्यात प्रथमच कोणीतरी काहीतरी केले आहे. पहिल्या वाक्याने सुरू झालेला अग्रलेख बहुधा 'विकासाची अपरिहार्य किंमत' या दिशेने जातो आणि पाचव्याने सुरू झालेला जाब विचारण्याकडे. पुढचे सारे युक्तिवाद नंतर येतात. वाचकाची बैठक पहिल्या क्रियापदानेच ठरून गेलेली असते.

मराठी या बाबतीत फार समृद्ध भाषा आहे. तुटणे-तोडणे, पडणे-पाडणे, फुटणे-फोडणे, मरणे-मारणे अशा धातूंच्या जोड्या आपण सहज बोलून जातो. 'वस्ती जळली' आणि 'वस्ती जाळली' या दोन वाक्यांत केवळ एका कान्याचा फरक आहे. न्यायालयात हाच फरक अपघात आणि गुन्हा यांच्यातील ठरतो. आपल्या वृत्तपत्रांत दंगल उसळते, तणाव निर्माण होतो, हिंसाचाराचे लोण पसरते, टंचाई डोके वर काढते, निधी अन्यत्र वळतो. यांतील बहुतेक क्रियापदे अकर्मक आहेत. दंगल ही भरतीच्या लाटेसारखी उसळणारी वस्तू नाही. तिच्यात दगड उचलणारे हात असतात, ते दगड आणून ठेवणारे हात असतात आणि वेळेवर न उचलले गेलेले दूरध्वनीही असतात. 'उसळली' या एका शब्दाने या साऱ्यांना एकाच वेळी सुट्टी मिळते.

असे सहज का घडते, याचे एक कारण आपल्या भूतकाळाच्या रचनेत आहे. १८३६ साली दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले आणि १९११ साली मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण'. तेव्हापासून कर्तरी, कर्मणी आणि भावे हे प्रयोग आपण शिकत आलो आहोत. 'सरकार कर वाढविते' या वाक्यात क्रियापद सरकारच्या मागे चालते. तेच भूतकाळात नेले की 'सरकारने कर वाढविला', 'सरकारने योजना आणली', 'सरकारने धोरण बदलले' असे होते. येथे क्रियापद कराच्या, योजनेच्या, धोरणाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. कर्त्याला 'ने' लागला आणि क्रियापदावरचा त्याचा ताबा सुटला. म्हणूनच तो वाक्यातून काढून टाकला तरी 'कर वाढविला' हे वाक्य अडखळत नाही. भाषेने ही सोय काही लबाडीसाठी केलेली नाही. पण सोय आहे म्हटल्यावर ती वापरणारे निघणारच. त्यात इंग्रजी राजवटीत कचेऱ्यांच्या कागदपत्रांतून 'कडून' आणि 'केले जाते' ही वळणे बळावली. शाळेच्या पुस्तकांत त्यांपैकी एकाला 'नवीन कर्मणी' असे नावही मिळाले. 'चौकशी करण्यात येईल' हे वाक्य ज्याने प्रथम लिहिले त्या कारकुनाच्या बुद्धीला दाद द्यावी लागेल. त्यात चौकशी आहे, भविष्यकाळ आहे, आश्वासनही आहे. फक्त चौकशी करणारा नाही.

कर्ता गाळणे ही एक रीत झाली. कर्ता ठेवून तो बदलणे ही दुसरी, आणि ती अधिक बिनबोभाट आहे. या देशाने तिचा अनुभव २६ जून १९७५ च्या सकाळी घेतला. आकाशवाणीवरून इंदिरा गांधींनी राष्ट्राला जे सांगितले, त्याचा आशय असा होता की, राष्ट्रपतींनी आणीबाणी घोषित केली आहे आणि घाबरून जाण्याचे कारण नाही. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे. त्यात कर्ता आहे, कर्म आहे, क्रियापद आहे. घटनेच्या दृष्टीनेही ते खरे आहे, कारण घोषणेवर सही फक्रुद्दीन अली अहमद यांचीच होती. तथापि ती सही २५ जूनच्या रात्री कोणाच्या सल्ल्यावरून झाली आणि मंत्रिमंडळाला ही गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळी, सही झाल्यानंतर, कळली, हे त्या वाक्यात कोठेही नाही. निर्णय घेणारी व्यक्ती त्या वाक्यात केवळ निवेदक होऊन उभी आहे. जणू रात्री काहीतरी घडले आणि तिने ते आपल्याला येऊन कळविले. पुढल्या वाक्यातील 'घाबरण्याचे कारण नाही' या रचनेत तर घाबरणारा कोण, हेही सांगितलेले नाही. दोन दिवसांनी, २८ जूनला, 'इंडियन एक्स्प्रेस'ने आपल्या अग्रलेखाची जागा कोरी सोडली. सेन्सॉरच्या पहाऱ्यात लिहिता येण्याजोगे प्रत्येक वाक्य कर्ताहीन करून लिहावे लागणार असेल, तर वाक्यच न लिहिणे त्या दिवशी अधिक सरळ होते.

मात्र यावरून कर्ता लपविणारा प्रत्येक लेखक भित्रा किंवा कपटी असतो असा निष्कर्ष काढू नये. याच महाराष्ट्रातील वृत्तपत्रसृष्टीचा इतिहास त्याला आडवा येतो. जुलै १८९७ मध्ये, पुण्यातील प्लेगबंदोबस्ताचा जाच आणि रँडचा वध या पार्श्वभूमीवर, 'केसरी'त दोन अग्रलेख आले. एकाचा मथळा होता 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' आणि दुसऱ्याचा 'राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे'. दोन्हींचे व्याकरण निरखून पाहावे. पहिला प्रश्न आहे. प्रश्नार्थक वाक्य काहीच प्रतिपादन करीत नाही, त्यामुळे ते खोटे ठरविता येत नाही. उत्तर वाचकाच्या तोंडून येते, आणि स्वतः दिलेले उत्तर माणूस सहसा नाकारीत नाही. दुसऱ्यात 'करणे' आणि 'उगविणे' अशी दोन भाववाचक रूपे समोरासमोर ठेवली आहेत. कोण राज्य करतो, कोण सूड उगवितो, याचा उल्लेख नाही. वरवर पाहता ती राजनीतीशास्त्रातील एक व्याख्या आहे. पुण्यातल्या वाचकाला मात्र दोन्ही कर्त्यांची नावे ठाऊक होती.

येथे कर्ता गाळला आहे तो दुर्बळाने, बलवानाच्या कायद्यापासून बचाव म्हणून. सत्ताधाऱ्याने स्वतःची जबाबदारी झटकण्यासाठी तोच गाळला तर रचना तीच राहते, नीती मात्र बदलते. व्याकरणाचे रूप पाहून लेखकाचा निवाडा करता येत नाही. ते रूप कोण, कोणासमोर, कोणत्या धोक्यात वापरतो, हेही पाहावे लागते. 'केसरी'ला तो धोका पुरेपूर ठाऊक होता. १५ जून १८९७ च्या अंकातील मजकुरावरून टिळकांवर जो राजद्रोहाचा खटला झाला, त्यात तर एका उपसर्गाने निर्णायक काम केले.

भारतीय दंड संहितेच्या १२४ अ कलमात 'डिसअफेक्शन' असा शब्द होता. आपण त्यास अप्रीती म्हणू. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्युरीला असा अर्थ सांगितला की, अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव. आणि पुढे द्वेष, शत्रुत्व, तिरस्कार अशा सर्व दुर्भावना त्यात बसविल्या. १८९१ च्या 'बंगबासी' खटल्यात कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश पेथेराम यांनी अप्रीती म्हणजे प्रीतीच्या विरुद्ध भावना, असा अर्थ लावला होता. 'अभाव' आणि 'विरोध' यांत किती अंतर आहे, हे आपल्या वैयाकरणांना शतकानुशतके माहीत होते. नञ् या नकारार्थी अव्ययाचे त्यांनी सहा अर्थ मानले आहेत : सादृश्य, अभाव, भिन्नता, अल्पता, अप्रशस्तता आणि विरोध. अधर्म म्हणजे धर्माची नुसती अनुपस्थिती नव्हे, तर धर्माला विरोध. 'अनुदरा' म्हणजे पोट नसलेली मुलगी नव्हे, तर सडपातळ मुलगी. आता सरकारविषयी प्रेम नसणे हाच गुन्हा मानला, तर त्या दिवशी पुण्यात निर्दोष माणूस किती सापडले असते? ज्युरीने सहा विरुद्ध तीन मतांनी टिळकांना दोषी ठरविले आणि त्यांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, सरकारने कलमाची भाषा बदलली आणि राजनिष्ठेचा अभाव व वैरभाव हे दोन्ही अप्रीतीत येतात, असा खुलासा त्यातच घातला. (ती दंड संहिता १ जुलै २०२४ पासून इतिहासजमा झाली आणि तिच्या जागी आलेल्या न्याय संहितेच्या १५२ व्या कलमात हा शब्द नाही. शब्द जायला सव्वाशे वर्षे लागली.)

१९०८ साली पुन्हा तेच. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या अग्रलेखांवरून खटला झाला. दुसऱ्या मथळ्यात केवढा संयम आहे! त्यात ना निषेध, ना धमकी. उपाय टिकाऊ नाहीत, एवढेच विधान, एखाद्या सुताराने खुर्चीविषयी करावे तसे. टिळकांनी आपला बचाव स्वतः केला आणि त्यांचे भाषण एकवीस तासांहून अधिक चालले. त्या बचावाचा मोठा भाग सरकारी भाषांतराविरुद्ध होता. मराठी मजकुराचे इंग्रजी करताना शब्दांची तीव्रता वाढविली गेली आहे, असे त्यांचे म्हणणे होते आणि त्यासाठी त्यांनी अनुवादकाची उलटतपासणी घेतली. सात युरोपीय आणि दोन पारशी अशा ज्युरीसमोर, जिच्यातील बहुसंख्यांना मूळ भाषा अवगत नव्हती, मराठी वाक्याचा तोल कसा समजावून द्यायचा? निकाल सात विरुद्ध दोन असा लागला. शिक्षा सहा वर्षे काळ्या पाण्याची होती. ती मंडालेत भोगली गेली.

आजच्या मतलेखकावर असा प्रसंग क्वचितच येतो, म्हणून त्याच्या वाक्यांकडे अधिक कठोरपणे पाहण्याचा वाचकाला अधिकार आहे. 'असे मानले जाते', 'अशी चर्चा आहे', 'जाणकारांचे मत आहे' ही वाक्ये कशासाठी येतात? ज्याने मानले तो लेखक स्वतः आहे, हे सांगण्याचे टाळण्यासाठी. 'असावा' हे रूपही असेच पाहण्यासारखे आहे. विध्यर्थातील हे 'वा'चे रूप मराठीत कर्तव्यही सांगते आणि तर्कही सांगते. 'त्याने जावे' आणि 'तो गेला असावा'. सोमवारच्या बातमीत 'घातपात असावा' असे येते. बुधवारच्या लेखात 'या घातपातामुळे' असा विशेष्य होऊन तो बसलेला असतो. दोहोंच्या दरम्यान नवा पुरावा आलेला नसतो. केवळ एक प्रत्यय गळून पडलेला असतो. आणि एकदा का नाम झाले, की त्याविषयी शंका घेण्यास वाक्यात जागाच राहत नाही. 'च'चेही तसेच. 'सरकारनेच चूक केली', 'सरकारने चूकच केली', 'सरकारने चूक केलीच' : पहिल्यात इतर सारे सुटले, दुसऱ्यात हेतूबद्दलची चर्चा संपली, तिसऱ्यात लेखकाला ती चूक होणार हे आधीपासून ठाऊक होते. एका अक्षराच्या स्थलांतराने आरोप बदलतो.

परंतु मतपृष्ठावर सर्वांत दूरगामी परिणाम करणारी गोष्ट कोणती असेल, तर ती सर्वनाम. हिंदीत 'हम' आणि इंग्रजीत 'वुई' एवढ्यावर काम भागते. मराठीने, गुजराती, तेलुगू आणि तमिळप्रमाणेच, 'आम्ही' आणि 'आपण' असा भेद राखला आहे. 'आम्ही' म्हणताना ऐकणारा बाहेर असतो. 'आपण' म्हणताना तो आत घेतला जातो. जुन्या संपादकांचा 'आम्ही' आज काहीसा ऐटबाज वाटतो. परंतु त्यात एक प्रामाणिकपणा होता. आम्हांला असे वाटते, तुम्हांला वेगळे वाटू शकते, आणि वाटण्याची जबाबदारी आमची, असे तो सांगत असे. हळूहळू त्याची जागा 'आपण'ने घेतली. 'आपण सहिष्णुता गमावून बसलो आहोत.' 'आपल्याला शिस्तच नको आहे.' 'आपण सारेच याला जबाबदार आहोत.' वाचक नकळत मान डोलावतो. वास्तविक त्याने त्या आठवड्यात कोणाचे काही वाकडे केलेले नसते. सर्वांना जबाबदार धरणाऱ्या वाक्यात प्रत्यक्ष जबाबदार असलेला मनुष्य गर्दीत उभा राहून सर्वांबरोबर मान डोलावीत असतो, हे मात्र त्याच्या लक्षात येत नाही. पूल पडला त्या दिवशी 'आपली बेफिकीर वृत्ती' या विषयावर लेख आला, तर पुलाच्या तपासणीच्या अहवालावर सही कोणाची होती, हे आधी विचारावे.

सामाजिक कार्य करणाऱ्यांनी हा 'आपण' जपून वापरायला हवा. तो समाजाला जोडणारा शब्द आहे आणि एकत्र मिळून करावयाच्या कामासाठी आहे. दोष वाटून देण्यासाठी त्याचा वापर होऊ लागला की कामासाठी हाक देताना तो बोथट झालेला असतो.

आणखी एक प्रत्यय आहे, ज्याकडे आपल्या मध्यमवर्गीय घरांनी विशेष लक्ष द्यावे. मराठीत आदर क्रियापदात दिसतो. मंत्री 'म्हणाले', कुलगुरू 'म्हणाले', उद्योजक 'म्हणाले'. आणि हमाल 'म्हणाला', भाजीवाली 'म्हणाली', पूरग्रस्त शेतकरी 'सांगत होता'. दुष्काळावरील लेखात ज्याचे दुःख सांगायचे त्यालाच लेखक एकवचनात उभा करतो, आणि दौऱ्यावर आलेल्या अधिकाऱ्याला बहुवचन देतो. लेखाची सहानुभूती कोणत्याही विशेषणाने व्यक्त होवो, क्रियापदाने उतरंड सांगून टाकलेली असते. आरोपीच्या बाबतीत तर हे अधिक गंभीर आहे. कालपर्यंत 'ते' असलेला मनुष्य अटकेच्या दिवशी 'तो' होतो. दोषारोपपत्र पुढे केव्हातरी दाखल होते, निकाल त्याहून कितीतरी नंतर लागतो, आणि निर्दोष सुटल्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते. त्या चार ओळींत तो पुन्हा 'ते' झालेला क्वचितच दिसतो. खालच्या वर्गातला आरोपी असेल तर तो प्रश्नच उद्भवत नाही. तो आधीही 'तो'च होता.

आपल्या कार्यक्रमांची प्रसिद्धिपत्रके लिहिणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही एक गोष्ट आजपासून पाहावी. वक्ते 'म्हणाले' असतील, तर सेवावस्तीतील ज्या भगिनीने आपला अनुभव सांगितला त्याही 'म्हणाल्या' असाव्यात. 'सत्कार करण्यात आला' असे लिहिताना तो कोणी केला हे लिहावे. 'अडथळे आणले गेले' असे लिहायचे असेल, तर कोणी आणले ते सांगावे. सांगता येत नसेल, तर वाक्य गाळावे.

आणि जे वर्तमानपत्रांना पत्रे लिहितात (अशी माणसे गावोगाव आहेत आणि संपादक त्यांची पत्रे बारकाईने वाचतात), त्यांच्यासाठी एक व्यावहारिक सूचना. जागा अपुरी पडली की पत्राला कात्री लागते, आणि 'ने' लागलेला शब्द सर्वांत आधी कापला जातो, कारण तो गेला तरी मराठी वाक्य पूर्णच राहते. 'महापालिकेने झाडे तोडली' याचे 'झाडे तोडली' व्हायला एक शब्द पुरतो. काम अजून चालू असेल तर पत्र वर्तमानकाळात लिहावे : 'महापालिका झाडे तोडते आहे.' येथे क्रियापद कर्त्याला बांधलेले आहे. 'महापालिका' कापली, तर उरलेले 'झाडे तोडते आहे' हे वाक्य छापताना उपसंपादकालाच विचारावे लागते, कोण?